प्रश्न सातवा

जुलैत कोयाइकेवर धूर मुक्कामाला येतो.
चहूबाजूंनी डोंगर, मध्ये गाव,
आणि वारा पडला की धुराला जायला वाटच नसते.
शाळेच्या फाटकावर त्या दिवसाचा रंग लावतात:
पिवळा, नारिंगी,
बहुतेकदा लाल.

मी दारोदार फिरत होतो नगरपालिकेचा तक्ता घेऊन,
शाई गोठू नये म्हणून पेन काखेत.
प्रश्न सातवा असा होता:
स्वच्छ हवेसाठी स्वतःची सवय बदलायची
तुमची तयारी किती?
एक ते पाच.

पाच, म्हणाला म्हातारा रोसामेल,
आणि म्हणता म्हणता
ओलं लाकूड सारलं चुलीत.
पाच, म्हणाली दुकानवाली फिलोमेना,
पण आधी त्या वरच्या आळीला सांगा.
वरच्या आळीत पाच. खालच्या आळीत पाच.
मास्तरांनी तर सहा लिही म्हणून हट्ट धरला.
मी लिहीत गेलो.
कागदावर गावाचं आभाळ
घरागणिक निवळत होतं.

एदुविनाबाईंनी दार अर्धंच उघडलं.
आत ये, लाव ते, मग काय विचारायचं ते विचार.
बिडाची काळी चूल, तिच्यावर किटली,
दांडीवर मोजे, खाली मांजर.
येर्बाचा कडू काढा माझ्या हातात देऊन म्हणाल्या,
एक.
शून्य असेल तर शून्य लिही.
लग्न होऊन आले तेव्हापासून
एकाही हिवाळ्यात ही विझलेली नाही.
नवरा गेला त्या रात्रीसुद्धा
उठून दोन ओंडके घातले मी.
रडायला पुढे वेळ होताच.
आणि तुमच्या त्या भुशाच्या गोळ्यांच्या नव्या चुलीवर
किटली ठेवायला जागा तरी असते का रे?

तक्त्यात त्यांची सही घ्यायची राहिली.
म्हणून ऑगस्टमध्ये परत गेलो, एका लाल दिवशी.
गल्लीत सगळी धुराडी चालू,
पाच, पाच, पाच,
आणि मधलं एक
नुसतंच उभं.

बाई दोन कोट घालून बसल्या होत्या, डोक्याला टोपी.
चुलीवर विजेची किटली ठेवलेली, पाहुण्यासारखी अवघडून.
मांजर माझ्याकडेसुद्धा रागानं बघत होतं.
मी काही विचारायच्या आत
भिंतीपलीकडून खोकला आला,
बारीक, कोरडा, थांबेचना.
मिल्यारे, म्हणाल्या. पाच महिन्यांची आहे.
दोनदा दवाखान्यात जाऊन आली.
भिंत फळ्यांची, काय लपतंय?
रात्री माझ्या उशाशीच खोकते ती.

मग एकाचे पाच करू का, मी विचारलं.

खबरदार. माझी तयारी बियारी काही नाही.
गुडघे धरलेत, चहाला चव नाही,
आणि उद्या वारा सुटला ना,
तर पहाटे उठून पेटवणार आहे, सांगून ठेवते.
सही केली, कापऱ्या हातानं, रेघेच्या बाहेर.
दाराशी म्हणाल्या,
तुझ्या घरी कोण येतं रे विचारायला?

आमच्या घरी कुणी येत नाही.
तक्ता नीट चालतो का बघायला
पहिला कागद मीच भरला होता,
सातव्यापुढे मीच लिहिलं होतं पाच,
वळणदार.

घरी चूल धडधडत होती.
बूट काढले, पाय शेकले,
सवयीनं हात मागे गेला आणि ओंडका उचलला.
शेजारी आमच्याकडेही कुणीतरी असेलच की
खोकणारं. भिंत विटांची आहे,
ऐकू येत नाही.

ओंडका हातातच होता.
बायको म्हणाली,
घालतोयस की नाही?