शेरा

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
नवा लॅपटॉप आलाय,
आणि त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर
जसाच्या तसा ठेवलाय मी, गेल्या मंगळवारी.
कारण डिझेलच्या कोट्याची वही
त्या जुन्यालाच वाचता येते फक्त.

आज तारीकाकांचा फोन: चित्र आक्रसलंय.

खरंच. मधोमध पोस्टकार्डाएवढा चौकोन,
भोवती चहूकडे काळं.
काका खिडकीचा कोपरा धरून ओढतात,
पाग ओढावा तसा.
खिडकी वाढते. काळं वाढतं.
चित्र तेवढंच.
"ह्या इतक्याच कित्याक दिसता गो?
पैशे तर पंधरा इंचाचे दिलंव."

म्हटलं, काका, आत आहे तो पाहुणा,
बाहेरचा यजमान.
पाहुण्याला कुणी सांगितलंच नाही
घर केवढं आहे ते.
त्याच्या ध्यानात अजून तो चौदा इंची डबा,
काचेवर खाऱ्या हवेचा थर.
म्हणून बसलाय पाटाच्या कडेवर
अंग चोरून.

"मगे सांग त्येका."

सांगायला मधला माणूस लागतो.
एक छोटं सॉफ्टवेअर, आतल्या बाजूला बसवायचं,
ते बाहेरच्या भिंती मोजतं
आणि आत निरोप देतं.
बसवलं. पुन्हा सुरू केलं.
काही नाही. पोस्टकार्ड ते पोस्टकार्डच.
खाली जेटीवर बर्फ फोडत होते,
काकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
मग माझीच चूक सापडली:
पडद्यासाठी मेमरी ठेवली होती चिमूटभर,
मीठ घालावं तशी.
पाहुण्याला निजवलं, ती वाढवली, उठवलं.

उठला तो घरभर झाला.

काळं गेलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत
होड्यांची नावं, नंबर, लीटर, तारखा,
आणि अगदी उजवीकडे
एक रकाना, कुणीच न पाहिलेला.
शेरा.

"ह्या काय?"
"हे होतंच, काका. जुन्या डब्यात मावत नव्हतं."

कैतान फर्नांडिस, अकरा वर्षं इथला कारकून,
टॅब दाबत दाबत पडद्याबाहेर जायचा
आणि तिथे लिहायचा,
स्वतःलाही न दिसणारं.

सातेरी प्रसाद: इंजिन गहाण आहे. बाकी मागू नये.
मरियम: लीटर चुकीचे सांगतो. खोटा नाही, विसरतो.
भराडी कृपा: मुलगा परत आला नाही. त्याचं नाव काढू नये.

काका बोटाने ओळी खाली सरकवत होते.
बोट थांबलं.

जनार्दन तारी, होडी जलकन्या:
माझ्याशी बोलत नाही. कोटा आधी द्यावा.

मी माउसची वायर गुंडाळू लागले,
उगाच, कारण माउस अजून लागणार होता.
कसलं भांडण ते विचारलं नाही.
कैतान आता कुठे असतो, तेही नाही.
पंख्याखाली पावत्या फडफडत होत्या,
त्यांवर काकांनी स्टेपलर ठेवला,
मग तो उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"अक्षरां बारीक झाली," म्हणाले. "माका दिसनत नाय."

ते सोपं होतं. आकार दीडपट केला.
अक्षरं ठसठशीत आली, होड्या आल्या, लीटर आले,
आणि उजवी कड पुन्हा कापली गेली
शेऱ्यासकट.

काका बघत राहिले
तो रकाना होता त्या जागेकडे.

"नको गो. बारीकच रवांदे."

मी परत लहान केलं.
त्यांनी खुर्ची पुढे ओढली,
चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला,
आणि नाक काचेला टेकेल इतके वाकले.
बिलाचं मी त्या दिवशी काढलं नाही.
खाली बर्फाचा ट्रक मागे येत होता,
कुणीतरी ओरडत होतं: येंवदे, येंवदे, येंवदे, बस.