पाकीट ४१२

डंडीच्या बाहेर, टे नदीकडे उतरणाऱ्या रानात
आमचं सातूचं संशोधन केंद्र.
शीतघरातलं जुनं बियाणं टाकून द्यायचं ठरलं
आणि काम माझ्याकडे आलं,
कारण पुढच्या महिन्यात मलाही निघायचंच आहे.

मी लागले तेव्हा अनुवंश म्हणजे मोजणी.
यूअन गिलक्रिस्ट पांढऱ्या ताटलीत दाणे ओतायचा,
चिमट्याने सारायचा, जांभळे इकडे, पिवळे तिकडे.
तिनास एक जुळलं की शीळ घालायचा.
नाही जुळलं की माझ्याकडे बघायचा.
त्याला मी एकदा म्हण सांगितली होती,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
त्याने ती इंग्रजी करून भिंतीवर चिकटवली.

एका वर्षी एप्रिलभर बर्फ पडत राहिला.
४१२ ची रोपं पंधरा दिवस आधी निसवली.
त्यांची पोरं तशीच. नातवंडंही तशीच.
कुळीत असलं कुणी नव्हतं.
अहवालात एक ओळ आली :
पाकिटांची अदलाबदल, निष्काळजीपणा.
नाव नव्हतं.
पाकिटं भरणारी मी एकटीच होते.

मग फिल्मा आल्या, काळ्यावर करडे पट्टे,
अंधाऱ्या खोलीतला आंबट वास बोटांवरून घरी यायचा.
पट्टे म्हणाले, ४१२ आणि मूळ वाण एकच.
मोराबाई म्हणाल्या, पट्टे जाड असतात गं,
त्यात बारीक काही दिसत नाही.
मग अक्षरं वाचणारं यंत्र आलं.
अक्षरंही तीच निघाली,
आणि ज्या मजकुराचा अर्थ लागला नाही
त्याला आम्ही खुशाल भंगार म्हणालो.

परवा ईशबेलने, वय सव्वीस, पडदा माझ्याकडे वळवला.
अक्षरं तीच आहेत, पण बघ,
काहींच्या डोक्यावर टिंबं आहेत.
तिला वाटलं मला समजावून सांगावं लागेल.
मी म्हटलं, आमच्याकडे पेढ्यावर टिंब दिलं
की पेंढा होतो.
ती हसली. काही न कळता हसली.
थंडीने दिलेली टिंबं, म्हणाली,
दोन पिढ्या कुणी पुसलीच नाहीत.
म्हणजे चूक कुणाचीच नव्हती.
आणि चहा आणायला गेली.

यूअनला जाऊन अकरा वर्षं झाली.
आड तोच होता.
दोर हातभर वाढायचा दर काही वर्षांनी,
आणि जिथे दोर संपेल
त्याला आम्ही तळ म्हणायचो.

पण मला तर आठवतंय :
वाऱ्याने दार उघडलं, पाकिटं खाली पडली,
मी घाईघाईत गोळा केली.
खरंच झालं होतं का ते?
की तीस वर्षं एक ओळ वाचून वाचून
माझ्यात उगवलं?
याला अजून कुठलं यंत्र नाही.

हेच शेवटचं का, मी ईशबेलला विचारलं.
आत्तापुरतं, ती म्हणाली, कप धुता धुता.

४१२ मी टाकलं नाही.
अकरा दाणे कुंडीत टोचून बाहेर ठेवले, गारठ्यात.
तारीख पेन्सिलने घातली.
पेरणाऱ्याच्या रकान्यात पेनाने,
आडनावासकट : कालिंदी सोनटक्के.