तेरड्याची सोयरीक

मांजरीच्या नर्सरीत वाफा क्रमांक चार:
दुहेरी पाकळ्यांचा तेरडा, गुलाबासारखा गच्च,
कुंडीत ठेवला की शहाण्यासारखा वीतभरच वाढणारा.
बी पाकिटातून येतं. पाकिटावर हसरं फूल,
आत पंधरा पिढ्यांची घरातल्या घरात लग्नं.
ऑगस्टात मुळं कुजतात, सगळ्यांची एकदम;
एकाला जे होतं ते प्रत्येकाला होतं.
आम्ही फवारतो.
दाणी सर औषधांची बिलं बघतात, गप्प बसतात.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी मंडईत
ठकूबाई ढेबे गोणपाट अंथरून बसली होती.
वेल्ह्याहून पहिल्या एसटीनं आलेल्या जुड्या,
मुळांना अजून डोंगराची माती.
बायका ताजेपणा बघत होत्या.
मी पानं उलटी करून बघत होते.
"काय शोधतीस गं? कीड न्हाई त्याला.
कातळावर पाणी तुंबतंय ना,
तिथं उभं असतंय महिना महिना."

तीन जुड्या घेतल्या.
दोन घरी गौरी झाल्या,
एक कुंडीत गेली.

सकाळी सात. चिमटा, भिंग, बारीक कुंचला.
गच्च फुलाच्या पाकळ्या एकेक बाजूला सारून
परागकोश उचलायचे, फुटायच्या आत.
मग रानातल्या एकेरी, फिकट जांभळ्या फुलाचे पराग.
वर बटरपेपरची टोपी, देठाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
चार गुणिले वेल्हे. तारीख. माझी सही.
पत्रिका कुणी बघितली नाही.

पुढच्या वर्षी एकशे बारा रोपं.
एकशे बाराही एकेरी, उंच, फिकट जांभळी.
"हे विकायचं कुणाला?" दाणी सर म्हणाले.
बरोबर होतं त्यांचं.
मग ऑगस्ट आला. वाफा चार बसला, नेहमीसारखा.
शेजारी त्याच चिखलात
पंचाण्णव उभे.
सरांनी दोन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसला,
"राहू देत," म्हणाले.

तेव्हापासून पुन्हा आईशी संकर, पुन्हा आईशी.
पाकळ्या परत येतायत, शंभरात दोन-चार.
पण रान काही निवडून देत नाही.
पाळीव बोंड निदान बोट लागेपर्यंत थांबायचं;
हे नुसत्या वाऱ्यानं फुटतं,
बी कुठल्या कुठे.
मलमलच्या पिशव्या बांधतो आम्ही. त्यांतूनही निसटतं.

मागच्या आठवड्यात फाटकाबाहेर,
कालव्याच्या दगडांत, एक उगवलेलं दिसलं.
पाकळ्या धड एकेरी नाहीत, धड दुहेरी नाहीत,
रंग आईचा नाही, बापाचाही नाही.
ठकूबाईला फोटो दाखवला.
तिनं मोबाइल हातभर लांब धरला.
"द्वाड झालंय," म्हणाली. "पर आमचंच."

तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात.
माझ्या वहीत या झाडाला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
दिवस सहावा. रंग आहे.