शब्द संपतात तिथून

लुकोकीच्या गिटारची एक तार तुटली
तेव्हा त्यानं सायकलच्या ब्रेकची ओढून बांधली.

काँगो नदीच्या धक्क्यावर
खलाशी तबकड्या विकायचे,
क्यूबाच्या, काळ्या, कडेला टवका उडालेल्या.
म्हातारी मालेंबे मासे साफ करता करता थांबली.
"भाषा परकी आहे," म्हणाली,
"चाल आपलीच."
जहाजाच्या तळाशी कोंबून नेलेला ताल
कितीक पिढ्यांनी माहेरी आला होता,
बोलणं सासरचं,
पाऊल मात्र इथलं.
तिच्या हातावर खवले तसेच वाळले.

तबकडी तीन मिनिटांची.
नाचणाऱ्यांना घाम फुटतो न फुटतो
तोच सुई शेवटच्या वळशात खरखरायची.
मग एका रात्री बारमध्ये
गायक पाणी प्यायला वळला, आणि लुकोकीनं
चार स्वरांची तीच वेलांटी
पुन्हा घेतली, पुन्हा, पुन्हा.
गायक परतला.
कुणी त्याच्याकडे बघेना.
कंबरा मोकळ्या सुटल्या होत्या.

आता नातू लॅपटॉपवर
तेच चार स्वर कापतो, चिकटवतो, पळवतो.
शब्द तर सुरुवातीलाच उडवतो.
लुकोकी खुर्चीतून कुरकुरतो:
फार घाई, नुसता गोंगाट, यात तार कुठाय?
कुरकुरतो,
आणि बुटाचं टोक नेमकं समेवर पडतं.

त्या सायकलचं पुढे काय झालं,
मी विचारलं एकदा.
"चालवली की. वर्षभर.
उतारावर पाय घासत थांबायचो,
थांबलोच तर."