दोन नळ, एक टाकी

भाचीच्या साखरपुड्यात, मुलुंडला,
जिलेबीच्या ताटावरून भावजी म्हणाले,
"हल्ली नव्वद टक्के म्हणजे काय, शिंकलं तरी पडतात.
आमच्या वेळी साठ टक्क्यांना पेढे वाटायचे."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर,
एकतीस वर्षं परळच्या रात्रशाळेत गणित.
मी जिलेबी खाल्ली.

भावजींचं अगदीच चूक होतं असं नाही.
आमचे अण्णाही असंच बोलायचे.
गिरगावच्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस,
पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी
शिसं लागलेल्या बोटांवर शेवटपर्यंत ताजी.
माझा दहावीचा पेपर उजेडात धरून म्हणाले होते,
"एवढंच? आणि ह्याला तीन तास?"
त्यांच्या वडिलांनी त्यांना काय ऐकवलं असेल,
ठाऊक नाही.
ते अंगठा करायचे.

तो पेपर माझ्याकडे अजून आहे, अठ्ठ्याहत्तर सालचा,
कडा चहात बुडवल्यासारख्या.
दुसऱ्या दिवशी वर्गात नेला.
म्हटलं, बघू या एकदाचं.

सात वाजता सहा जण. साडेसातला नऊ.
हणमंत पहाटे चारपासून दादरला फुलांचे गट्ठे उतरवतो,
बाकावर डोकं टेकलं की शेवंतीचा वास आणि झोप.
कुंदा साबळे, वय त्रेचाळीस,
तीन घरच्या पोळ्या लाटून येते,
मागच्या मार्चला गणितात चार गुणांनी राहिली.
ह्याच सोप्या पेपरात.
योग्य पर्याय निवडा, जोड्या लावा,
शिवाय वीस गुण शाळेच्या हातातले.

मी फळ्यावर लिहिलं:
एका नळाने टाकी चार तासांत भरते,
दुसऱ्याने सहा तासांत,
खालची तोटी उघडी राहिली तर बारा तासांत रिकामी होते.
तिन्ही एकदम सुरू केल्यास?

कुंदा हसायलाच लागली.
"सर, चार तास पाणी येतं कुठे?
आमच्याकडे पावणेपाच ते सव्वापाच.
आणि तोटी उघडी ठेवली तर सासू मलाच पिंपात बुडवेल."
मग खडू मागून घेतला.
छेद बारा केला, वर तीन, दोन, वजा एक,
ओठांत काहीतरी पुटपुटली, बहुधा पोळ्यांचा हिशोब,
आणि लिहिलं: तीन तास.

बरोबर होतं.
त्या वर्षी मला हे आलं नव्हतं.

"सर, तुम्हाला किती पडले होते?"

पंखा कुरकुरत होता.
अठ्ठावन्न, असं मी बायकोला सांगितलंय,
भावजींना, मुख्याध्यापकांना, लेकाला तर किती वेळा,
तेही त्याच्या निकालाच्या दिवशी.
दर दिवाळीला तो पेपर थोडा अवघड होत गेला,
एखादा प्रश्न मीच वाढवला,
एखादा पर्यवेक्षक मीच कडक केला.
अठ्ठावन्न जिभेवर तयारच होतं.

"अडतीस," मी म्हणालो.

हणमंत जागा झाला.
"म्हणजे तीनच वर?"
"तीनच."
कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

नऊला दहा कमी. कुंदाने पिशवी उचलली,
घरी जाऊन तिला भात टाकायचा होता.
"हा कागद नेऊ का सर? उद्या आणते.
माझा मुलगा म्हणतो, आई, दहावी काय आता,
कुणीही होतं.
त्याला दाखवते."

घडी घालताना कागद मधोमध फाटला.
ती ओशाळली. मी म्हटलं, जुनाच होता.
दोन्ही नळ तिच्याबरोबर लोअर परळला गेले.
उघडी तोटी राहिली माझ्या टेबलावर,
हजेरीपटाखाली.