चाळीस प्रती, एका बाजूने

मेळाव्याच्या आदल्या रात्री
अर्ध्या पडलेल्या शटरखालून वाकून
भेंडारकर गुरुजी दुकानात आले.
"चाळीस झेरॉक्स काढून ठेव जी सत्यशीला,
पुण्याहून प्रणयकथांचे प्रकाशक येऊन राहिले.
हे त्यायचे नियम."

पहिली प्रत काळी आली.
ती मी बाजूला ठेवली, आणि मग वाचत बसले.

नायक अठ्ठावीस ते पस्तीस. उंच.
स्वतःचा व्यवसाय असावा, व्यसन नको.
नायिका तिशीच्या आत,
स्वाभिमानी, पण फार नाही.
(असंच लिहिलं होतं. पण फार नाही.)
पहिली भेट दहाव्या पानाच्या आत,
पहिला स्पर्श चाळिसाव्याच्या आधी नको.
आजारपण, जात, निवडणूक टाळावी.
शेवट सुखाचा. याला अपवाद नाही.
पन्नास हजार शब्द, कागदाच्या एकाच बाजूला,
चारी अंगांनी इंचभर समास.

लाखांदूरच्या सेलिब्रेशन हॉलमध्ये
कालच्या लग्नाची सजावट तशीच होती.
नवरानवरीची नावं कोणी उपटून नेलेली,
मध्ये थर्माकोलचं 'वेड्स' तेवढं उरलेलं,
त्याच्या बरोबर खाली संपादक मॅडमची खुर्ची.
ऋजुता दामले. तिशीच्या आतल्या.
प्रवासानं घसा बसलेला, घोट घोट पाणी पीत म्हणाल्या,
"डोळे हरणासारखे नकोत आता.
आमच्याकडे फार हरणं साचलीत."

नाटकं लिहिणारा पतीराम हुकरे उठला,
"अन् शेवटी दोघंही मेले तं?"
"तर आमच्याकडे पाठवू नका."
हॉल हसला. पतीराम हसला नाही,
त्याच्या सतरा नाटकांत दोघंही मरतात,
आणि पहाटे चार वाजता बाया डोळे पुसत उठतात.

मी हात वर केला, खाली घेतला,
पुन्हा वर केला तेव्हा माइक येऊन पोचला होता.
"नायिका एकावन्न वर्षांची चालते का?"
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.
म्हणाल्या, तशी मालिका विचाराधीन आहे.
पुढच्या वर्षी.
मी बसले. पुढच्या वर्षी बावन्न.

जेवणात लाखोळीच्या डाळीचे वडे होते.
मॅडमनी चार खाल्ले आणि रेसिपी विचारली,
तिला मात्र कुठलाच नियम नव्हता,
अंदाजानं मीठ, अंदाजानं मिरची.

रात्री ती काळी प्रत उलटी केली.
मागची बाजू कोरी.
लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले:
हेमराज लांजेवार, निवृत्त लाइनमन, वय अठ्ठावन्न,
उंची बेताची, डाव्या तळहातावर जुना भाजल्याचा डाग,
दर मंगळवारी बाजाराच्या पिशवीसकट येतो
आणि आधार कार्डाची एक प्रत मागतो.
एवढं आधार कोणाला लागतं?
पहिली भेट कुठल्या पानावर धरू?
गिऱ्हाईक म्हणून तो अकरा वर्षं येतोय.
आणि दोनाचं नाणं देताना बोट लागलं होतं
ते चाळिसाव्याच्या आधी की नंतर?
आम्ही पानं मोजली नव्हती.

मंगळवारी आला. पिशवीत मेथी, वर पोपटाच्या शेंगा.
कार्ड काचेवर ठेवलं,
झाकण लावता लावता विचारलं,
"किती झाल्या असतील जी आजवर?"
"पेटीत ठेवतो. दोनशेवर असतील."
"काऊन?"
तो मशीनकडे बघत राहिला,
मग वर खांबाकडे,
मग म्हणाला, "लाइन आहे न जी?"

होती.
हिरवा दिवा लागलेला, मशीन दोघांच्या मध्ये गुणगुणत होतं.
मी बटण दाबलं नाही.