अक्षरामागे सात रुपये

नाताळला नऊ दिवस होते.
पास्टर मनश्शे गावितांनी वहीचं पान फाडून हातात दिलं:
दहा नावं, सगळी एकाचीच.
म्हटलं, अक्षरामागे सात रुपये, जोडाक्षराला दहा.
ते हसले. देव महाग पडणार मग, हिलालभाऊ.

दहिवेलच्या चर्चची पूर्वेची भिंत, चुना नुकता वाळलेला.
दोरा ताणून रेघ मारली.
आजवर मी लिहीत आलो:
इथे मोटारी भरून मिळतील. इथे थुंकू नये.
अमक्याला वाढदिवसाच्या, आणि खाली अठरा शुभेच्छुक,
एकाची वेलांटी चुकली तर दोन दिवस भांडण.
माणूस आपल्या नावाखाली उभा राहतो, मान वर करतो,
सरळ आलंय का बघतो.
इथे ज्याचं नाव, तो बघायला येणार नव्हता.
निदान मला तसं वाटलं.

फरशी पुसत होती रिबकाबाई.
बाप्तिस्म्याआधी झुंबरी. गावाला अजून झुंबरीच.
रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी छापलंय,
आणि ती तिन्ही हाकांना ओ देते.

‘काय लिखस रे भाऊ?’
ख्रिस्त, मी म्हणालो. अर्थ त्यांना विचार.
पास्टर शिडी धरून उभे: अभिषिक्त.
डोक्यावर तेल ओतून ज्याला राजा केलं, याजक केलं, तो.
तिनं पोतेरं पिळलं.
‘म्हंजे, तेल लावेल?’
गावातली निम्मी पोरं तिच्या मांडीवर
भुईमुगाच्या तेलात माखून, रडून, झोपून मोठी झालीत.
‘मंग बठ्ठा पोरेसोरे सव्वा महिना ख्रिस्तच शेतस.’
पास्टर काही बोलले नाहीत.
शिडी मात्र हलली.

पुढचं नाव मेंढपाळ. त्याच्या पुढचं, देवाचं कोकरू.
पास्टर, यादीत चूक आहे, मी म्हणालो.
साक्रीकडून ठेलारी उतरतात तेव्हा
चालता न येणारी कोकरं घोड्यावरच्या झोळीत असतात,
नुसती डोकी बाहेर. हाकणारा वेगळा, झोळीतला वेगळा.
एकच जण दोन्ही कसा?
‘तेच तर,’ ते म्हणाले, आणि पुढे काही नाही.

आल्फा आणि ओमेगा. कुठल्याशा लिपीतलं पहिलं अक्षर
आणि शेवटचं.
म्हणजे मधली सगळी त्यातच धरायची?
त्यांचे पैसे कसे लावू?

नवव्या नावाला भिंत संपली.
खिडकी आणि स्विचबोर्डच्या मध्ये
उरली फक्त वीतभर जागा,
आणि कागदावर सगळ्यात लांब ओळ: मी जो आहे तो आहे.
झुडूप पेटलं होतं, पास्टर सांगत होते, पण जळत नव्हतं,
एका मेंढरं राखणाऱ्यानं नाव विचारलं,
तर आतून एवढंच आलं.
बसणार नाही, म्हटलं. हे नाव आहे की उत्तर टाळणं?

रिबकाबाई बादली उचलून दारापर्यंत गेली होती.
‘मी शे. इतलंच लिख ना.
पोऱ्या रातले दचकीसन उठस,
अंधारमा माय त्याले नाव सांगस का?
मी शे, सांगस. नी तो झोपी जास.’

पास्टर भिंतीकडे बघत राहिले.
अहिराणी? नाताळला वरचे लोक येतात.
मग म्हणाले, बारीक लिहा.

दोन अक्षरं, चौदा रुपये.
बिलात धरायचे राहून गेले.

घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली.
कडी वाजवली. आतून बायको:
‘कोन शे?’
सतरा वर्षांत या प्रश्नाला मी
एकदाही हिलाल म्हटलेलं नाही.
तोंड उघडलं,
आणि टर्पेंटाइनच्या वासाच्या हातात कडी तशीच धरून
थोडा वेळ
उभाच राहिलो.